जुना रेडिओ, मिसळणाचा डबा, देवापुढचा दिवा : हात लावताच आठवण जागी करणाऱ्या घरगुती वस्तू कशा कराव्यात?

ओवरी

नमस्कार मंडळी,

धागा तंत्रज्ञानात टाकावा, कलेत टाकावा की सरळ 'घरातले प्रश्न'मध्ये, हे ठरेना. संपादकांना योग्य वाटेल तिथे हलवावा.

पोटापाण्यासाठी मी मिक्सरची बटणं आणि कुकरच्या मुठी डिझाइन करते. सध्या घरचंच एक काम अंगावर घेतलंय. सासऱ्यांनी ऐंशी ओलांडली. त्यांच्या विसरण्याला आता डॉक्टरांनी नाव दिलंय. मोबाईल हातात दिला की दोन मिनिटांत 'घे तुझा' म्हणून परत करतात. पण दिवाळीच्या आधी माळा आवरताना त्यांचा मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढला, तर स्वतःहून उठून आले, डाव्या बाजूचं बटण 'टक्' होईपर्यंत पिळलं आणि तसेच उभे राहिले. वायर प्लगमध्ये नव्हतीच. नवऱ्याने विचारलं, "बाबा, काय झालं?" तर म्हणाले, "थांब, तापू दे."

ज्यांनी व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) सेट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : बटण फिरवल्यावर आधी नुसता डायल उजळायचा. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद जायची आणि मग आवाज लांबून चालत आल्यासारखा वाढत यायचा. सकाळी जेवलो की नाही हे बाबांना आठवत नाही, पण रेडिओ तापायला वेळ लागतो हे त्यांच्या हाताला अजून पाठ आहे.

म्हणून हा रेडिओ पुन्हा बोलता करायचाय. आत छोटं सर्किट, मेमरी कार्डावर त्यांच्या तरुणपणची गाणी, 'कामगार सभा', 'आपली आवड' या वळणाचं जे मिळेल ते, आणि सुरुवातीला आकाशवाणीची सकाळची धून. (ती धून वॉल्टर कॉफमनची. युरोपातून परागंदा होऊन मुंबईत आलेला ज्यू संगीतकार. आपल्या अख्ख्या पिढ्यांची सकाळ या माणसाने ठरवली आणि नाव कुणाला माहीत नाही.)

अशा वस्तूंवर बरंच काम झालेलं आहे. मला सगळ्यात आवडतं ते १९९२ सालचं, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या डरेल बिशपचं उत्तरयंत्र. कुणी फोनवर निरोप ठेवला की यंत्रातून एक गोटी घरंगळत बाहेर येते. गोटी खळगीत ठेवली की निरोप ऐकू येतो, फोनवर ठेवली की त्या माणसाला फोन लागतो. बायकोसाठी निरोप असेल तर गोटी तिच्या वाटीत टाकून ठेवायची. किती निरोप आले ते लांबूनच दिसतं. ते बाजारात कधी आलं नाही, पण आजही डिझाइनच्या वर्गात त्याचं नाव निघतंच.

दुसरी वस्तू कॅनडातल्या विल्यम ओडम या डिझाइन-संशोधकाची, 'फोटोबॉक्स'. ओक लाकडाची पेटी, आत लपवलेला प्रिंटर. घरच्यांचे इंटरनेटवर साठवलेले हजारो फोटो असतात, त्यातले चार-पाच फोटो ही पेटी महिन्याभरात केव्हातरी, आपल्या मर्जीने छापते. कधी छापणार, कुठला छापणार, काही सांगत नाही. तीन कुटुंबांनी ती १४ महिने घरात ठेवली. सुरुवातीला लोक वैतागले, रोज झाकण उघडून बघायचे. नंतर सवय झाली, आणि मग एखाद्या दिवशी सहज उघडावं तर आत विसरलेला फोटो. बिल गेव्हर या संशोधकाच्या गटाचा टेबलक्लॉथही असाच : वस्तू बराच वेळ एका जागी पडून राहिली की तिच्याभोवती उजेडाचं वलय उमटतं, आणि ते तासन्‌तास वाढत जातं. आमच्या डायनिंग टेबलावर अंथरला तर अख्खं घर उजळेल, असो.

माझं मत आधीच सांगते. वस्तूत फोटो, गाणी, माहिती जितकी ठासून भरावी तितकी ती कपाट होते. हाताची जुनी हालचाल जशीच्या तशी ठेवावी, वस्तूने थोडकंच बोलावं, उरलेलं काम माणसाचं डोकं करतं. पटत नसेल तर भांडा. आणि तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे, तिचं काय करावंसं वाटतं, तेही लिहा.

रंकाळ्यावरचा

वाचतोय. लई भारी विषय. त्या "थांब, तापू दे"ला दंडवत.

उगाच_आपलं

सगळं ठीक, पण आठवण यायला सर्किट कशाला लागतं ताई? आमच्याकडे आजीचा दगडी खलबत्ता आहे. वेलची कुटली की आजी हजर. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, अपडेट नाही. तुम्ही डिझाइनवाले आधी साध्या गोष्टीत वायर घालता आणि मग ती 'साधी' कशी दिसेल याचे पैसे घेता.

वज्री

@उगाच_आपलं, +१, पण अर्धंच.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेला असाल तर आठवून बघा. अडकित्ते, दिवे, कुलपं, फण्या, पाय घासायच्या वज्र्या (माझा आयडी तिथलाच). हा राजा कोण, तर दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. म्हणजे एवढं मोठं संग्रहालय ही एका बापाने मुलाच्या आठवणीत मांडलेली घरगुती वस्तूंची रास आहे. माझ्याबरोबर एकदा एक आत्या होत्या. त्यांनी काचेपलीकडचा अडकित्ता बघून अंगठा आणि तर्जनी मिटून सुपारी कातरायची खूण केली. त्यांच्या नकळत. काच नसती तर अजून अर्धा तास बोलल्या असत्या.

तर खलबत्ता हातात आहे तोवर त्याला काही नको, हे मान्य. पण रेडिओचं तसं नाही ना? खोकं आहे आणि त्यातून जे यायचं तेच बंद पडलंय.

ओवरी

वज्री, अगदी हेच. ज्या वस्तूचं काम अजून चालू आहे तिला हात लावू नये. खलबत्ता, पाटा-वरवंटा, रॉकेलचा वास मारणारा कंदील, यांना काही गरज नाही. मुकी झाली आहे तिथेच विचार करावा. उगाच_आपलं, त्यामुळे तुमच्या खलबत्त्याला माझ्यापासून धोका नाही. :)

चिक्सेंटमिहायी आणि रॉचबर्ग-हॉल्टन या दोन संशोधकांनी ७०च्या दशकात शिकागोच्या ८२ कुटुंबांना, ३१५ माणसांना विचारलं होतं की घरातली कुठली वस्तू तुम्हाला खास वाटते आणि का. म्हाताऱ्यांनी फोटो दाखवले. पोरांनी स्टिरिओसारख्या, हाताने काहीतरी करता येणाऱ्या वस्तू. किमतीमुळे खास म्हणणारे फार निघाले नाहीत. कुणी दिली, कुणाची होती, तेव्हा काय चाललं होतं, याच गोष्टी पुन्हापुन्हा निघाल्या.

सोल्डरबहाद्दर

ताई, थांबा!!! आतलं काढू नका!!!

मी ठाण्याचा, म्हणजे जिथे मर्फीचा कारखाना होता त्या गावचा, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो. लोक चोरबाजारातून व्हॉल्व्हचे सेट आणतात, आतलं चेसिस (सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) भंगारात देतात आणि खोक्यात ब्लूटूथ स्पीकर कोंबतात. पाप आहे हे.

तुमच्या सेटच्या मागच्या बाजूला दोन भोकांची एक सॉकेटपट्टी असेल, तिथे 'पीयू' किंवा 'ग्रॅम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही जागा ग्रामोफोन जोडायची. बँड बदलायच्या बटणाला बहुतेक एक 'ग्रॅम'ची जागाही असते. तिथे सेट ठेवला की त्या दोन भोकांतून आलेला आवाज थेट आवाजाच्या बटणाकडे आणि मग व्हॉल्व्हकडे जातो. म्हणजे तुमचं सगळं नवं सर्किट रेडिओच्या बाहेर राहील, आणि सासरेबुवांना जे 'तापू दे' हवंय ते खरोखरच्या व्हॉल्व्हचं मिळेल. खोटा उशीर प्रोग्रॅममध्ये लिहायची गरज नाही.

पण आधी सुरक्षितता. यातले काही सेट 'एसी/डीसी' प्रकारचे असतात, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिसचा पत्रा थेट मेनला जोडलेला असतो. प्लग उलटा लागला तर पत्र्यात २३० व्होल्ट. मागचा पुठ्ठा काढून सेट लावणं म्हणजे आत्महत्या. त्यामुळे मेनला एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि आवाजाच्या वायरीतही छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. शिवाय इतकी वर्षं बंद असलेला सेट एकदम २३० वर लावू नका. कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, एक गळका कपॅसिटर आउटपुटचा व्हॉल्व्ह घेऊन जातो. ते आधी बदला, मग सिरीज बोर्डावर (म्हणजे वीज आधी बल्बमधून आणि मग सेटमध्ये जाईल असं) १०० वॅटचा जुना बल्ब लावून सुरू करा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद. आधी पेटून मग मंद झाला तर ठीक.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी (कार्डावरची गाणी वाजवणारं छोटं सर्किट) पुरे. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, फॅट३२ मध्ये फॉरमॅट, फाइलींना ०००१, ०००२ अशी नावं. त्याच्या आरएक्सच्या (हुकूम घेणाऱ्या) पायाला एक किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर घरघर ऐकत बसाल. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील, नाहीतर लॅमिंग्टन रोड आहेच.

ओवरी

_/\_ आता मागची बाजू पाहिली. आहे सॉकेटपट्टी! आणि बँडच्या बटणावर चौथी जागाही आहे.

एकच अडचण. आवाज बाहेरून दिला तर स्टेशनचा काटा फिरवून काही होणार नाही. आणि बाबा काटा फिरवणारच. सिलोन कुठे लागायचं ती जागा त्यांनी काल बोटाने दाखवली.

सोल्डरबहाद्दर

मग काट्याला विचारा तो कुठे आहे. काट्याचा दोरा ज्या मोठ्या चाकावरून जातो ते चाक गँग कंडेन्सरच्या (स्टेशन बदलणाऱ्या भागाच्या) दांड्यावर असतं. त्या दांड्याच्या टोकाला साधा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) जोडता येतो, जागा नसेल तर टोकावर चुंबक चिकटवून समोर चुंबकाचा कोन मोजणारा सेन्सर. (एसी/डीसी सेट असेल तर या जोडाला पत्र्याचा स्पर्श होता कामा नये, सेन्सर आणि मधला तुकडा प्लॅस्टिकचा.) आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) ते ० ते १०२३ मध्ये वाचतो. समजा ३०० ते ३६० म्हणजे 'मुंबई', ६१० ते ६६० म्हणजे 'सिलोन'. अधल्यामधल्या जागांवर खरखर वाजवायची. ही खरखर विसरू नका! ती नसेल तर स्टेशन 'सापडल्याचा' आनंद नाही.

आणि अधूनमधून मीडियम वेव्हवर ७९२ ला खरं पुणे केंद्रही लावून बघा की. सेट जिवंत आहे, त्याला जिवंत काहीतरी ऐकवा.

दुपारची_उन्हं

मी वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात काम करते, त्यामुळे थोडं वेगळं लिहिते.

ओवरी, गाणी निवडताना सासऱ्यांचं साधारण दहा ते तीस वय कुठल्या वर्षांत होतं ते आधी काढा. त्या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्पष्ट निघतात, हे मानसशास्त्रात पुष्कळदा दिसलेलं आहे. आपण सून-मुलं बऱ्याचदा आपल्या लहानपणी घरात वाजणारी गाणी भरतो, म्हणजे त्यांच्या चाळिशीची. ती त्यांना आवडतील, पण हलवणार नाहीत. म्हाताऱ्यांनी मागचं काढत बसणं हे पूर्वी लक्षण मानायचे. रॉबर्ट बटलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये लिहिलं की हे स्वाभाविक आणि गरजेचं आहे, तिथून आठवणींवर आधारलेल्या उपचारांना वाट मिळाली.

आता काळजीचं. सगळ्या आठवणी गोड नसतात. आमच्याकडे एका खोलीत 'शांत वाटावं' म्हणून पावसाचा आणि वाहत्या पाण्याचा आवाज लावायचे. एक आजोबा तो लागला की उठून सामान वर ठेवायला लागायचे. चपला, उशा, पाण्याचा तांब्या, सगळं टेबलावर. मुलीला विचारल्यावर कळलं, १९६१ मध्ये ते नारायण पेठेत राहायचे. पानशेत. तुमचे सासरेही पुण्याचे असतील तर त्या जुलैत पंधरा-वीस वर्षांचे असणार, हे डोक्यात ठेवा. आणि पहिले काही वेळा रेडिओ लावताना शेजारी बसा. वस्तू लावून आपण स्वयंपाकघरात निघून जायचं, असं करू नका. गाणं लागल्यावर त्यांना सांगायला कुणीतरी समोर हवं असतं.

रंकाळ्यावरचा

चपला टेबलावर... वाचून गलबललं.

ते कारवाँ मिळतं तेच का घेत नाही पण? आमच्या वडलांना घेतलंय मराठी गाण्यांचं. चालू केलं की वाजतंय. खूश आहेत.

ओवरी

चांगलीच वस्तू आहे ती. २०१७ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या ऑफिसात तिच्यावर आठवडाभर वाद चालला होता. पाच हजार गाणी आधीच भरलेली, जुन्या ट्रान्झिस्टरचा चेहरा, मोठी बटणं. गाणं शोधा, डाउनलोड करा, यादी बनवा, ही सगळी कटकट काढून टाकली हे तिचं यश. ज्यांना गाणी ऐकायची आहेत त्यांना तीच घ्यावी. बाबांना मात्र तो चेहरा ओळखीचा वाटला नाही, आधी घेऊन पाहिलंय. त्यांचा रेडिओ म्हणजे *तो* रेडिओ, उजव्या कोपऱ्यात काच तडकलेला.

दुपारची_उन्हं, खूप आभार. पंढरपूरजवळच्या गावात होते ते तेव्हा, पुण्यात नंतर आले. पण नवऱ्याला बसवून वर्षांचा तक्ता करून घेते.

मिसिसागाकर

आमचा अनुभव दिव्याचा. आई सांगलीत एकटी, मी इकडे कॅनडात. मी देव्हाऱ्याजवळ प्रकाशाचा सेन्सर बसवला. आईने संध्याकाळी समई लावली की इथे माझ्या ओट्यावरचा छोटा दिवा लागायचा. तिथले सात म्हणजे उन्हाळ्यात इथले सकाळचे साडेनऊ, थंडीत साडेआठ. कॉफी घेता घेता दिवा लागायचा, छान वाटायचं. फोन न करता फोन झाल्यासारखं.

मग एक दिवस लागलाच नाही. मी शेजारच्या काकूंना फोन केला, त्या नव्हत्या, मग वाण्याला, मग मामाला. आई मिरजेला लग्नाला गेली होती. परत आल्यावर मला म्हणाली, "दिवा देवाला लावते का तुला हजेरी द्यायला?" दुसऱ्या दिवशी सेन्सरवर फडकं टाकलेलं.

दुपारची_उन्हं

आईंना साष्टांग नमस्कार. __/\__

जपानात झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये अशी पाण्याची किटली आणली. एकटे राहणारे आईवडील चहाला पाणी काढतात, त्याची खबर मुलांना ईमेलने जाते. कॅमेरा नाही, प्रश्न नाहीत. हेतू चांगला आणि बऱ्याच कुटुंबांना आधार वाटला असणार. पण ती देखरेखीची वस्तू म्हणूनच आली, आईवडिलांनाही ते माहीत असतं. तुमच्या दिव्यात प्रेम आणि पहारा एकाच वायरीतून जात होते.

ओवरी

मिसिसागाकर, फडकं टाकणं हा डिझाइनवरचा उत्तम अभिप्राय आहे, असं मी म्हटलं तर रागावू नका. दोन बदल सुचवते. एक, तुमच्याकडचा दिवा लागला-विझला असा ठेवू नका. समई लागली की उजळावा आणि पुढचे दोन-तीन दिवस अगदी हळूहळू मंद होत जावा. एखादा दिवस चुकला तर फरक कळणारही नाही, मामांना फोन जाणार नाहीत. दोन, आईंच्या बाजूला काहीच येत नाही. त्या देतात, तुम्ही घेता. तुम्ही सकाळची कॉफी ठेवलीत की त्यांच्याकडेही काहीतरी उजळू दे.

मिसिसागाकर

दुसरं डोक्यातच आलं नव्हतं. करतो. आईला विचारून.

अजून एक त्रास झाला होता. दोन्ही दिव्यांमधला निरोप एका फुकट मिळणाऱ्या सेवेमार्फत जायचा. त्यांनी फुकटचं बंद केलं आणि एका सकाळी दोन्ही दिवे नुसते शोभेचे.

सोल्डरबहाद्दर

सर्व्हरवर जगणाऱ्या वस्तूचं हेच होतं. नबाझताग आठवतो का कुणाला? २००५ मध्ये फ्रान्समध्ये निघालेला प्लॅस्टिकचा पांढरा ससा. कान हलवायचा, दिवे लावायचा, हवामान सांगायचा, आणि दोन घरांत दोन ससे असतील तर एकाचे कान फिरवले की दुसऱ्याचे फिरायचे. पोरांचा जीव त्याच्यावर. २०११ मध्ये सर्व्हर बंद, ससे गप्प. पुढे मूळच्याच मंडळींनी त्याच्या पोटात बसणारं रास्पबेरी पायचं किट काढलं, ते इंटरनेटवरच्या सर्व्हरवर अवलंबून नव्हतं, आणि लोकांनी माळ्यावरचे ससे उठवले.

माझा नियम : आठवणीची वस्तू असेल तर वायफाय शेवटचा पर्याय. ओवरीताईंच्या रेडिओत नाहीच लागत. तुम्हाला लागणार, मग घरात स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवा, आणि सर्किट कसं जोडलंय त्याचा कागद खोक्याच्या आत चिकटवा. आपल्या पश्चात कुणीतरी ते उघडणार आहे.

लोणचंवाली

मला सांगा मग. आईचा पितळी मिसळणाचा डबा आहे, सात वाट्यांचा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचे व्हॉट्सॲपवरचे पुष्कळ आवाजी निरोप आहेत, 'अगं हिंग आधी, मोहरी तडतडल्यावर लगेच', 'मीठ काय विचारतेस, हाताला कळतं'. डबा उघडला की तिचा आवाज यावा असं फार वाटतं. भावाने प्रत्येक वाटीखाली एकेक आरएफआयडीचं (जवळ नेल्यावर बिनवायरीने वाचलं जाणारं) टिकली-टॅग चिकटवून पाहिलं, एकही वाचलं जात नाही.

सोल्डरबहाद्दर

नाहीच वाचलं जाणार. धातूवर चिकटवलेल्या टॅगचं चुंबकीय क्षेत्र तो धातूच खाऊन टाकतो. पाठीला फेराइटचा थर असलेले वेगळे टॅग मिळतात, पण वाचणारं यंत्र डब्याच्या बाहेर असेल तर मध्ये पुन्हा पितळ आहेच. आणि हळद, तेलकट हात, वाफ यांत कुठलंही सर्किट टिकत नाही.

डब्याला हात लावू नका. डबा ज्यावर ठेवता तिथे लाकडी पाट करा, पाटाच्या पोटात पाच किलोचा लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि त्याचं माप वाचणारं एचएक्स७११ चं मॉड्यूल. झाकण उचललं की वजन कमी होतं, तेवढ्यावरून कळतं. भाग स्वस्त आहेत. चमचाभर जिरं घेतल्याचा फरकही पकडेल, पण मग स्वयंपाक सोडून तेच मोजत बसाल.

उगाच_आपलं

कौतुक बाजूला ठेवून एक विचारतो, रागवू नका. रोज तीन वेळा फोडणी करता. रोज तीन वेळा गेलेल्या आईचा आवाज? मला नाही झेपायचं. आणि झेपलं तर ते जास्त वाईट. महिन्याभरात तो लिफ्टमधल्या बाईचा आवाज होईल, 'कृपया दरवाजा बंद करा'.

दुपारची_उन्हं

पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत.

लोणचंवाली, निरोप जपा, दोन-तीन ठिकाणी साठवून ठेवा, ते महत्त्वाचं. पण डब्यात आधी तिचा आवाज नको, तिच्या स्वयंपाकघराचा ठेवून बघा. निरोपांच्या मागे ऐकू येत असेल नीट कान दिलात तर. कुकरची शिट्टी, सांडशी आपटल्याचा आवाज, बाहेरचा भाजीवाला.

ओवरी

यावर इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डॅनिएला पेट्रेल्ली आणि सहकाऱ्यांनी छान काम केलंय. कुटुंबांना सुट्टीत फोटोंऐवजी आवाज टिपायला लावले, आणि ते ऐकायला जुन्या रेडिओसारखं दिसणारं यंत्रही केलं. फोटो काढताना आपण सगळे 'नीट' उभे राहतो. आवाजात भांडणं येतात, चमचे पडतात, कुणीतरी उगाच हसतं.

आणि फोटोबॉक्सची युक्ती इथे वापरा ना. डबा उघडल्यावर दर वेळी काही वाजू नये. बहुतेक वेळा गप्पच. पंधरा-वीस दिवसांत केव्हातरी एकदा मागचा आवाज, आणि आईचं वाक्य त्याहूनही क्वचित. कधी वाजणार ते तुम्हालाही ठाऊक नसावं. पाटाखाली बंद करायचं बटण मात्र हवं, हाताला लगेच सापडेल असं. काही दिवस ऐकायचं नसतं.

लोणचंवाली

उगाच_आपलं, राग नाही. भावाचंही असंच म्हणणं होतं, त्याने एवढं नीट सांगितलं नव्हतं इतकंच.

आत्ता निरोप लावून ऐकले. हिंगाच्या निरोपामागे बाबा ओरडतायत, "चष्मा कुठाय माझा?" हसून हसून पुरेवाट. हाच ठेवणार पहिला.

वज्री

बाबांचा चष्मा जिंकला.

ओवरी

प्रगती : कपॅसिटर बदलले (इथल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी, मी फक्त टॉर्च धरला). सेट ट्रान्सफॉर्मरचा निघाला, एसी/डीसी नाही. सिरीज बल्ब उजळून मंद झाला. काट्याचा दोरा मात्र हात लावताच तुटला. पुण्यात डायलचा दोरा कुठे मिळेल?

सोल्डरबहाद्दर

मासे पकडायची विणलेली दोरी घ्या, गुळगुळीत एकतारी नको, ती सटकते. जुन्या दोऱ्याच्या जाडीची. चाकावर किती वेढे होते त्याचा फोटो काढलाय ना? नसेल तर काकांना विचारल्याशिवाय एकही स्प्रिंग सोडू नका. रविवारी जुन्या बाजारात एखादा मेलेला सेट मिळाला तर त्याचं चाक बघून ओवता येईल.

उगाच_आपलं

खलबत्त्याला काही नको या मतावर ठाम आहे. फक्त माहिती म्हणून विचारतो. माझ्याकडे काळा, गोल डायलचा, बंद फोन आहे. आजोळचा चार आकडी नंबर अजून पाठ आहे. तो फिरवला तरच काहीतरी वाजावं, दुसऱ्या कुठल्याही नंबरला गप्प, असं होईल का?

सोल्डरबहाद्दर

होईल की! त्या डायलमध्ये फक्त उघडमिट होणारा संपर्क असतो. १ फिरवला की एक टिकटिक, ९ ला नऊ, ० ला दहा, सेकंदाला साधारण दहाच्या वेगाने. नॅनोने त्या मोजायच्या, चार आकडे जुळले की फाइल वाजवायची. आवाज रिसीव्हरच्याच कॅप्सूलमधून काढता येईल. आधी रिसीव्हर उचलल्यावर वर येणारे ते दोन खटके मोकळे आहेत का बघा, बहुतेक फोनांत ते गंजून अडकलेले असतात. डायल सोडल्यावर एकसारखा परत येतो की अडखळतो, तेही सांगा. बाकीचं नव्या धाग्यात बोलू, इथे ताईंचा दोरा आधी.